‘रक्तातच असतं यांच्या’: फाशी आणि जन्मजात गुन्हेगाराची गोष्ट

आजचा विषय जरा जड आहे. फाशीची शिक्षा. पण फाशी असावी की नसावी, हा नेहमीचा वाद मी पहिल्यापासून घालणार नाहीये. त्यातल्या एकाच धाग्याबद्दल बोलायचंय.

एखादा भयंकर गुन्हा घडला की बातमीखालच्या कमेंट्स उघडून बघा. दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, ‘फाशीच द्या याला.’ दुसरं, ‘असली माणसं सुधारत नाहीत, रक्तातच असतं यांच्या.’ पुष्कळदा दोन्ही एकाच कमेंटमध्ये असतात. आता पहिलं वाक्य आहे शिक्षेबद्दल आणि दुसरं आहे शरीराबद्दल. मग ही दोन वाक्यं अशी हातात हात घालून का फिरतात? तर दीडशे वर्षांपूर्वी काही शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या लोकांनी शास्त्राच्या नावाखाली त्यांची गाठ बांधून दिली. ती गोष्ट आज सांगते. सुरुवात इटलीत होते आणि ती आपल्या नाशिकपर्यंत येते.

दोन चेझारे

या गोष्टीत एकाच नावाचे दोन इटालियन आहेत. पहिला चेझारे बेक्कारिया, मिलानचा. १७६४ मध्ये, वयाच्या विशीतच, त्याने गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्या काळी युरोपात छळ करून कबुलीजबाब घेणं कायदेशीर होतं आणि भर चौकात माणसं मारली जायची. बेक्कारियाचं म्हणणं साधं होतं. शिक्षा गुन्ह्याला द्या आणि गुन्ह्याच्या मापाने द्या. शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती नक्की होणार आहे की नाही, याला लोक जास्त घाबरतात. आणि खून वाईट म्हणणाऱ्या राज्याने स्वतःच खून करू नये. १७८६ मध्ये इटलीतल्या तस्कनी राज्याने फाशी कायद्यातूनच काढून टाकली, त्यामागे या विचाराचा मोठा हात होता.

दुसरा चेझारे लोंब्रोसो. जन्म १८३५, वेरोना. पेशाने डॉक्टर, काही काळ सैन्यात, नंतर वेड्यांच्या इस्पितळात आणि मग तुरीनला प्राध्यापक. त्याला प्रश्न पडला तो गुन्ह्याबद्दल नाही, गुन्हेगाराबद्दल. त्याच्या हाती एक कवटी आली. इटलीच्या दक्षिणेकडच्या कालाब्रियातल्या विलेल्ला नावाच्या एका गरीब माणसाची. लोंब्रोसो त्याला डाकू म्हणायचा, कागदपत्रांत मात्र किरकोळ चोरी सापडते. या कवटीच्या आत, मागच्या बाजूला, जिथे सहसा उंचवटा असतो तिथे लोंब्रोसोला खळगा दिसला. असा खळगा काही प्राण्यांत असतो. झालं! त्याने ठरवलं, गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. आपल्यात जन्मलेला, पण आतून आदिम.

१८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मोठा जबडा, पुढे आलेली भुवईची हाडं, मोठे कान, लांब हात, वेदना कमी जाणवणं, अंगावर गोंदण... ही म्हणे गुन्हेगाराची लक्षणं. ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शब्द दिला त्याच्या तरुण सहकाऱ्याने, एन्रिको फेरीने.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. इटली तेव्हा नुकताच एक देश झाला होता. उत्तरेकडचे शिकलेले लोक दक्षिणेकडच्या गरीब शेतकऱ्यांकडे आधीच मागास, रानटी म्हणून बघत होते. लोंब्रोसोला मोजायला मिळालेली डोकी कुठली होती? तुरुंगातली. आणि तुरुंगात कोण होतं? मुख्यतः गरीब. म्हणजे उत्तर आधीच ठरलं होतं, मोजपट्टी नंतर आली.

फास कुठे आला?

बेक्कारिया म्हणत होता, शिक्षा गुन्ह्याला. लोंब्रोसोची शाळा म्हणू लागली, शिक्षा गुन्हेगाराला, तो किती धोकादायक आहे ते बघून. ऐकायला हे वाईट वाटत नाही. उलट यातून काही चांगल्या गोष्टीही निघाल्या. सगळ्यांना एकच माप लावू नका, वेड्या माणसाला तुरुंगात डांबू नका, पहिल्यांदा चुकलेल्या पोराला सराईत गुन्हेगारांबरोबर ठेवू नका, हे या लोकांनी आग्रहाने मांडलं.

पण त्याच तर्काचं दुसरं टोक बघा. माणूस परिस्थितीमुळे गुन्हा करत असेल तर परिस्थिती बदलता येते. सवयीमुळे करत असेल तर सवय मोडता येते. पण तो जन्मतःच तसा असेल तर? मग सुधारायचं काय? या शाळेतला तिसरा माणूस होता राफाएले गारोफालो, पेशाने न्यायाधीश. १८८५ च्या त्याच्या पुस्तकात त्याने सरळ लिहिलं की ज्यांच्यात दयेची भावनाच नाही, अशांना समाजाने काढून टाकावं. निसर्ग जशी निवड करतो, तशी समाजाने मुद्दाम करावी. काढून टाकणं म्हणजे शेवटी काय, तर मृत्युदंड. लोंब्रोसो आधी बिचकत होता, पण पुढे तोही म्हणाला की तुरुंग, हद्दपारी, सक्तमजुरी सगळं करूनही जे पुन्हा पुन्हा जीव घेतात, त्यांच्यासाठी हा शेवटचा उपाय हाताशी असावा.

गंमत म्हणजे याच काळात इटलीने फाशी रद्द केली. १८८९ चा नवा दंडविधान बेक्कारियाच्या वाटेने गेला. आणि ‘जन्मजात गुन्हेगार’ शब्द देणारा फेरी स्वतः फाशीच्या बाजूचा नव्हता. म्हणजे जीवशास्त्र मानलं की फाशी मानावीच लागते असं नाही. पण ज्याला फाशी हवी आहे, त्याला हे जीवशास्त्र फार उपयोगी पडतं. फाशीसाठी एक वाक्य सिद्ध करावं लागतं, ‘हा माणूस कधीच बदलणार नाही.’ आणि ते वाक्य हा सिद्धांत आयतं हातात देतो.

हे किती पुढे गेलं? जर्मनीत नाझींनी १९३३ मध्ये ‘धोकादायक सराईत गुन्हेगारां’विरुद्ध कायदा आणला. सुरुवात बेमुदत कैदेने झाली. १९४१ मध्ये त्याच वर्गासाठी मृत्युदंड आला.

आणि मुळात तो सिद्धांत खरा होता का? इंग्लंडमधल्या तुरुंगातले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मोजमापं घेतली, इतर लोकांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापला. गुन्हेगाराचा म्हणून असा काही वेगळा शरीरप्रकार नाही. कैदी उंचीने आणि वजनाने थोडे कमी भरले, एवढंच. विलेल्लाची कवटी आजही तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या गावाने ती परत मागितली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी मिळाली नाही. आणि त्याच संग्रहालयात लोंब्रोसोचा स्वतःचा सांगाडाही आहे, त्याच्याच इच्छेनुसार ठेवलेला.

आपल्याकडे कवटी मोजायचीही गरज पडली नाही

आता भारतात या. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. साल बघा, लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचं. म्हणजे ही कल्पना इटलीतून आयात केलेली नव्हती. इंग्रजांनी आपली जातिव्यवस्था बघितली आणि सरळ हिशेब मांडला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तर चोराचा मुलगा चोर. सरकारने यादीत टाकलेल्या जमातीत जन्म झाला की माणूस संशयित. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना घ्यायचा.

१९११ च्या कायद्याने हे मुंबई इलाख्यालाही लागू झालं. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी अशा कितीतरी समाजांच्या पिढ्या या शिक्क्याखाली गेल्या. ज्यांना या शिक्क्याचं पुढे काय होतं ते आतून वाचायचंय, त्यांनी लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचावं.

३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्याने मोकळ्या झाल्या, म्हणून ‘विमुक्त’. पण लगेच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची जुनी नजर तशीच राहिली. किती काळ राहिली? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारित नियम रद्द करावे लागले. त्यांत विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणारे नियमही होते. २०२४!

आता ज्या खटल्यासाठी मी हा भाग केला, तो.

जून २००३. नाशिक जिल्हा. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. ऐकूनच अंगावर काटा येईल असा गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सहाही भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, पुनर्विचारात, सहाही जणांना निर्दोष सोडलं.

झालं असं होतं की हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा पाठपुरावाच झाला नाही. न्यायालयाने निकालात नोंदवलं की आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले, अतिशय गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सहापैकी एक जण तर घटनेच्या वेळी अठराच्या आतला होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. १६ वर्षांचे पाच लाख.

आता कोणी म्हणेल, यात जीवशास्त्र कुठे आलं? कुणी कवटी मोजली नाही, रक्त तपासून गुन्हेगारी शोधली नाही. बरोबर. पण संशय पहिल्यांदा कुणावर जातो? पुरावा कच्चा असला तरी कुणाबद्दल पटकन विश्वास बसतो? तिथे ‘रक्तातच असतं’ हे वाक्य न बोलता काम करत असतं. आणि त्या कुटुंबाचं काय? सहा निरपराध माणसं फासाच्या दोरावर लटकली असती, तरी त्या बाईंना न्याय मिळाला नसताच. ज्यांनी केलं ते मोकळेच राहिले.

जीन्स, स्कॅन आणि दुधारी तलवार

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, हे जुनं खोटं शास्त्र. पण आता तर खरं जेनेटिक्स आहे, ब्रेन स्कॅन आहेत. बरोबर, म्हणून त्याबद्दलही बोलू.

१९६५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका सुरक्षित इस्पितळातल्या रुग्णांमध्ये एक जादा वाय क्रोमोसोम असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. लगेच ‘गुन्हेगारीचा क्रोमोसोम’ अशी हवा झाली. १९६६ मध्ये शिकागोत आठ तरुण नर्सेसचा खून करणाऱ्या रिचर्ड स्पेकला असा क्रोमोसोम आहे, असं छापून आलं. तपासणीत निघालं, तसं काही नाही, त्याचे क्रोमोसोम नेहमीसारखेच. १९७६ मध्ये कोपनहेगनमधल्या चार हजारांहून जास्त उंच पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. जादा वाय असलेले त्यात फक्त १२ सापडले आणि ते जास्त हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही. असा क्रोमोसोम साधारण हजारात एका पुरुषात असतो. त्यातले बहुतेक जण आपल्यासारखे नोकरी करतात, लोकल पकडतात, त्यांना ते माहीतही नसतं.

मग आला एमएओए नावाचा जीन. त्याला ‘योद्धा जीन’ असंही नाव पडलं. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात लहानपणापासून पाहणीत असलेल्या मुलांचा अभ्यास आला. या जीनचा कमी काम करणारा प्रकार असलेल्या ज्या मुलांचा लहानपणी छळ झाला होता, ती मोठेपणी जास्त आक्रमक वागताना दिसली. जीन तोच, पण छळ नाही, तर तो परिणाम दिसला नाही. आणि हा प्रकार युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत असतो. म्हणजे ‘खुनी जीन’ म्हणायचं तर तिसरा भाग पुरुषांना आत टाकावं लागेल.

पण कोर्टात याचं काय होतं, हे जास्त महत्त्वाचं. वकील म्हणतो, ‘माझ्या अशिलाचा मेंदूच असा आहे, त्याचा दोष कमी धरा.’ सरकारी वकील त्याच कागदावर बोट ठेवून म्हणतो, ‘मेंदूच असा आहे ना, मग हा पुन्हा करणारच.’ एकच रिपोर्ट, दोन उलट निष्कर्ष. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला देऊन पाहिलं गेलं. जीवशास्त्रीय कारण सांगितल्यावर सरासरी शिक्षा १३.९३ वर्षांवरून १२.८३ वर्षांवर आली. साधारण वर्षभराचा फरक. आणि तरी पुष्कळ न्यायाधीशांना त्याच माहितीवरून आरोपी जास्त धोकादायकही वाटला.

टेक्सासमध्ये तर मृत्युदंड देण्याआधी ज्युरीला ठरवावं लागतं की हा माणूस पुढेही हिंसा करेल का. १९८३ मध्ये अशा एका प्रकरणात मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं की अशी दूरची भाकितं तीनातली दोन चुकतात. तरी न्यायालयाने ती चालवून घेतली. त्या खटल्यात कैद्याला एकदाही न भेटलेल्या डॉक्टरने तो शंभर टक्के धोकादायक आहे अशी साक्ष दिली होती. पुढच्या वर्षी त्या कैद्याला मारलं गेलं. दुसऱ्या एका खटल्यात तज्ज्ञाने चक्क सांगितलं की आरोपी काळा आहे, त्यामुळे धोका जास्त. १९९७ ची ती शिक्षा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढली. लोंब्रोसोला जाऊन तेव्हा १०८ वर्षं झाली होती.

मग आपला कायदा काय म्हणतो?

१९८० च्या बचनसिंग निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम ठेवली, पण ‘दुर्मिळातली दुर्मिळ’ ही चौकट घातली. त्यातला एक भाग फार कमी लोकांना माहीत असतो. माणूस सुधारू शकणार नाही, हे सरकारने पुराव्याने दाखवायचं असतं. आरोपीने ‘मी सुधारेन’ हे सिद्ध करायचं नसतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं हा पुरावा कुणी मागितलाच नाही. गुन्ह्याचं वर्णन वाचायचं आणि त्यावरून माणूस सुधारणार नाही असं ठरवायचं, असंच बऱ्याचदा झालं. २०२२ मध्ये एका निकालात न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की आरोपीची मानसिक तपासणी, त्याचं तुरुंगातलं वागणं, घरची पार्श्वभूमी, हे सगळं खालच्या कोर्टातच समोर आलं पाहिजे.

बघा, इथेही शरीर आणि मेंदू आलेच. पण कसे आले? दार बंद करायला नाही, दार उघडायला. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ६२ टक्क्यांहून जास्त जणांना कसला ना कसला मानसिक आजार असल्याचं २०२१ मध्ये दिसलं. त्याच विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या कमकुवत होते. हे आकडे वाचून ‘गरिबांत गुन्हेगारी असते’ म्हणायचं की ‘गरिबाला चांगला वकील मिळत नाही’ म्हणायचं? लोंब्रोसोने तुरुंगातली डोकी मोजून जो घोळ घातला, तोच घोळ इथे घालता येतो.

आणि हो, मोबाईलच्या काळातला नवा लोंब्रोसोही येऊन गेलाय. २०१६ मध्ये शांघायच्या दोन संशोधकांनी १८५६ चिनी पुरुषांच्या फोटोंवर कॉम्प्युटर शिकवला आणि चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला. टीकाकारांनी फोटो नीट बघितले. गुन्हेगार नसलेल्यांचे चेहरे हसरे होते, गुन्हेगारांचे नव्हते. मशीनने बहुधा गुन्हेगारी शोधलीच नव्हती, हसू शोधलं होतं. आपल्या आधार कार्डावरचे फोटो आठवा आणि विचार करा, त्या मशीनने आपलं काय केलं असतं!

माझं मत सांगते. काही गुन्हे इतके भीषण असतात की ते वाचून राग येणं साहजिक आहे, आणि ज्यांच्या घरात ते घडतं त्यांना कुणी बाहेरच्याने ‘माफ करा’ म्हणून शहाणपण शिकवू नये. त्यांचा राग खरा आहे. पण शिक्षा राज्य देतं, आपल्या सगळ्यांच्या नावाने देतं. राज्याला ‘याने काय केलं’ हे सिद्ध करता येतं. ‘हा जन्मतःच कसा आहे’ आणि ‘हा तीस वर्षांनी कसा असेल’ हे सांगणारी कवटी, जीन, स्कॅन किंवा ॲप अजून निघालेलं नाही. जन्मठेप चुकली तर दार उघडून माणसाला बाहेर काढता येतं. नाशिकच्या त्या सहा जणांना काढता आलं, कारण दोर ओढायला उशीर झाला. एवढ्यावरच त्यांचे जीव वाचले, आणि माझ्या मते कुणाचाही जीव एवढ्याशा गोष्टीवर टांगून ठेवू नये.

तुम्हाला हे पटलं नसेल तरी चालेल. जरूर लिहा, व्हॉइस नोट पाठवा. विशेषतः भटक्या-विमुक्त समाजातले कुणी ऐकत असाल आणि पोलीस चौकीचा, शाळेतला, भाड्याच्या घराचा अनुभव सांगावासा वाटत असेल, तर नक्की पाठवा. नाव न सांगताही चालेल. पुढच्या भागात आपण दयेच्या अर्जाबद्दल बोलू, राष्ट्रपतींकडे तो जातो म्हणजे नेमकं काय होतं ते. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.